कोंडीबा तात्यांचं पोट आणि दोघांचा पाळणा

एखाद्या समाजाची प्रगती मोजायची असेल, तर तिथला विवाहित माणूस घराबाहेर पडताना काय कारण सांगतो ते पाहावं. या कसोटीवर आमचा सातारा जिल्हा कुणाला हार जाणार नाही. आमच्याकडं विनाकारण घराबाहेर पडलेला माणूस अजून आढळलेला नाही (आढळला असेल तर त्यानं परत येईपर्यंत कारण तयार केलेलं असतं).

मान्यताप्राप्त कारणं मोजकी आहेत. लग्न, बारावं, देव, दवाखाना, कोर्ट, आणि माजी सैनिकांच्या घरी असाल तर कॅन्टीन. मजा हे कारण नाही. मजा करायला हरकत नाही, पण ती मुलांसाठी करावी लागते. मुलं बरोबर असली की आईबापांना पाण्यात डुंबता येतं, घसरगुंडीवरून किंचाळत खाली येता येतं, आणि कुणी ओळखीचं भेटलंच तर "पोरांनी हट्ट धरला" एवढं सांगून सुटता येतं. मूल हा आईबापांच्या मजेचा परवाना आहे. तो घरी विसरून गेलेलं जोडपं वाहतुकीच्या नियमांत बसत नाही.

हे मी अधिकारानं सांगतो. माझी हयात साताऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत इतरांचे रजेचे अर्ज तपासण्यात गेली. खरं कारण लिहिलेला अर्ज मी ओळखायचो आणि त्रुटी काढून परत पाठवायचो. निवृत्तीनंतर हे ज्ञान वाया जाऊ नये म्हणून मी ते कॉलनीला विनामूल्य उपलब्ध करून दिलं आहे. म्हणूनच वरच्या मजल्यावरचा जयराज एका शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडं आला.

जयराज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मूळ गाव उंब्रज. तिथं त्याचे वडील लालासाहेब, म्हणजे निवृत्त सुभेदार, आणि आई बनुबाई असतात. बायको संयोगिता, मुलं शिवतेज आणि राजेश्वरी. अडचण अशी होती, की लग्नाला अकरा वर्षं होत होती आणि संयोगिताला पुण्याच्या पुढं हायवेवर झालेल्या 'कल्पनानगरी' नावाच्या पार्कात जायचं होतं. जयराजबरोबर. मुलांना न घेता.

मी चष्मा काढून पुसला आणि कारण विचारलं.

त्यावर संयोगिता स्वतःच खाली आली. मुलांना घेऊन ती एकदा त्या पार्कात जाऊन आली होती, आणि तिथं तिची नेमणूक चपला सांभाळण्याच्या पदावर झाली होती. चार चपला, दोन टॉवेल आणि पोह्यांचा डबा घेऊन ती दिवसभर एका सिमेंटच्या बेडकाशेजारी उभी होती. तिथं एक उंच पाळणा आहे, त्यात दोनच माणसं बसतात. आधी शिवतेज बापाबरोबर बसून आला, मग राजेश्वरी बसून आली, मग राजेश्वरी पुन्हा बसून आली, आणि मग पार्क बंद झालं.

"काका, मला त्या पाळण्यात ह्यांच्या शेजारी बसायचंय," ती म्हणाली. "गाडीवर मधी पोरगं असतं. यष्टीत मी आत्यांजवळ बसते. मला शेजारी बसायचं हाय, बास."

(आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. आमच्याकडं सून सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणते.)

गोदावरीनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, आतून विचारलं की मग सासूसासऱ्यांना तसं सरळ सांगून का टाकत नाहीत. आम्ही तिघांनीही तिच्याकडं कीव येऊन पाहिलं. खरं सांगून रजा मिळत असती तर शासनानं एवढी खाती उघडली नसती.

मग मी कामाला लागलो. लग्नाचं कारण सांगितलं तर सगळं घर निघतं. देवाचं सांगितलं तर घरासकट शेजारी निघतात. कोर्टाचं नाव काढलं तर लालासाहेब बांधाच्या वादाची पिशवी काखेत मारून हजर होतील. राहिला दवाखाना. दवाखाना हे अत्यंत सोज्वळ कारण आहे, कारण तिथं लहान मुलांना आत सोडत नाहीत. मुलं आपोआप उंब्रजला आजीकडं राहतात, आणि आईबापांना चेहरा पाडून गावातून निघता येतं. माझ्या कारकिर्दीत इतकं निर्दोष कारण मी दुसरं पाहिलेलं नव्हतं.

आता रुग्ण हवा होता. तो जवळचा असेल तर सगळे भेटायला येणार, म्हणून लांबचा निवडायचा ठरला. संयोगिताचा भाऊ धनाजी कुपवाडला लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप चालवतो. त्याच्या शेजारी कोंडीबा तात्या म्हणून गृहस्थ आहेत, त्यांची पिठाची गिरणी. आमच्या कुणाचाही त्यांच्याशी संबंध नाही. त्यांना आम्ही पुण्याच्या दवाखान्यात दाखल केलं. आजार पोटाचा दिला, कारण पोट आत असतं आणि बाहेरून तपासता येत नाही.

शनिवारी सकाळी जयराजनं उंब्रजला फोन केला. तात्या सीरियस आहेत, धनाजीला फार मानतात, उद्या पुण्याला जाऊन बघून येतो, पोरं तुमच्याकडं सोडतो. बनुबाईंनी "आरं द्येवा" म्हणून फोन ठेवला. योजना शंभर टक्के यशस्वी झाली होती, असं मी त्या वेळी गोदावरीला सांगितल्याचं आठवतं.

अर्ध्या तासात उंब्रजहून फोन आला. बनुबाईंनी तेवढ्या वेळात चार ठिकाणी चौकशी करून, कोंडीबा तात्या हे त्यांच्या थोरल्या मावशीच्या नणंदेचे दीर असल्याचं सिद्ध केलं होतं. सातारा-सांगली भागात कुणीही कुणाचा लांबचा नसतो, फक्त चौकशी अपुरी असते. आणि असा घरचा माणूस दवाखान्यात पडलेला असताना आपण घरी बसायचं हे लोकांना बरं दिसलं नसतं. तेव्हा गावातल्या सयाजीची क्रूझर जीप भाड्यानं सांगितली होती. लालासाहेब, बनुबाई, दोन चुलत्या, एक चुलता आणि सोसायटीचे माजी चेअरमन (ते कुठल्याही गाडीत असतातच) पुण्याला निघणार होते. मुलांना दवाखान्यात आत सोडत नाहीत हे त्यांना माहीत होतं. मुलं बाहेर क्रूझरमध्ये बसणार होती.

जयराज माझ्याकडं धावत आला. मी शांतपणे रुग्णाला डिस्चार्ज दिला. तात्यांना आराम पडला, घरी सोडलं, आता कुणी जायची गरज नाही, असं कळवायला सांगितलं.

लालासाहेबांनी ते आनंदानं ऐकलं. "लय बेस झालं," ते म्हणाले. "मग कुपवाडलाच जाऊ. जवळ पडंल."

अशा रीतीनं पुण्याच्या दिशेनं ठरलेली सहल रविवारी सांगलीच्या दिशेनं निघाली. सल्ला माझा, म्हणून जयराजनं मलाही गाडीत बसवून घेतलं. धनाजीला फोनवर सगळं सांगावं लागलं, आणि त्यानं गिरणीत जाऊन तात्यांना सांगितलं. तात्या त्या वेळी गहू दळत होते. पण नऊ माणसं नारळ घेऊन निघाली आहेत म्हटल्यावर उभं राहणं असभ्य ठरलं असतं. त्यांनी पट्टा बंद केला आणि घरात जाऊन पांघरूण घेतलं. त्यांच्या पत्नी भामाबाई उशाशी बसल्या.

आमच्याकडं आजारी माणसाला भेटण्याची एक परिपूर्ण पद्धत आहे. आधी बिस्किटाचे पुडे ठेवतात. मग प्रत्येक जण रुग्णाकडं बघून "निम्मं उरलंय" म्हणतो. मग ज्याला हाच आजार झाला होता आणि जो त्यातून उठला नाही, असा एकेक माणूस प्रत्येक जण सांगतो. माजी चेअरमननी तर तीन सांगितले, त्यातला एक शेवटच्या दिवशी जेवूनखाऊन बसला होता. तिसऱ्या माणसानंतर तात्यांचं पोट खरोखरच दुखायला लागलं. बनुबाई मात्र तात्यांच्या भुवयांकडं बघत होत्या. भुवयांवर ताजं पीठ होतं.

परतीच्या वाटेवर क्रूझरमध्ये बसण्याची व्यवस्था रीतीप्रमाणेच होती. जयराज पुढं सयाजीजवळ, मांडीवर राजेश्वरी. संयोगिता पार मागं, दोन चुलत्यांच्या मध्ये, पायांत नारळाची पिशवी. कराड येईपर्यंत ती काचेबाहेर बघत होती. मग तिचा आवाज आला, मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मामा, तात्या आजारी न्हवते. आमाला दोघांना पार्कात जायचं व्हतं. पाळण्यात बसायला. पोरांला न घेता."

सयाजीनं गाडी हळू केली. इतकं उघडं कारण त्या क्रूझरनं बहुधा प्रथमच ऐकलं असावं. माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मी तो कुठल्या फायलीत लावला असता, हेच मला सुचेना.

"मग जावा की," लालासाहेब म्हणाले. "कोन नगं म्हनलंय?"

खरोखरच कुणी नको म्हटलेलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात धाकटी चुलती म्हणाली, "पर पोरास्नी सोडून?"

"मी फौजेत वीस वर्सं पोरास्नी सोडूनच व्हतो," लालासाहेब म्हणाले. "तवा कोन काय बोललं न्हाई."

"मला बी सोडूनच व्हता," बनुबाई म्हणाल्या.

एवढंच त्या म्हणाल्या आणि पदर सावरून पुढं बघत बसल्या. लालासाहेबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली. माजी चेअरमनसुद्धा उंब्रजपर्यंत काचेबाहेरचा ऊस बघत राहिले. मला वाईट वाटलं, हे मी मान्य करतो. माझ्या योजनेत त्याची तरतूद नव्हती.

पुढच्या रविवारी मुलं उंब्रजला राहिली आणि जयराज-संयोगिता कल्पनानगरीत गेले. कुठलंही कारण न सांगता. त्यामुळं कॉलनीत साहजिकच बरीच चर्चा झाली आणि दोघांचं काहीतरी बिनसलंय, असं एकमतानं ठरलं.

पाळण्याच्या रांगेत त्यांच्या पुढं एक वयस्कर जोडपं उभं होतं. बाईंच्या डोक्यावर पदर, पायात बूट. गृहस्थांच्या भुवया स्वच्छ धुतलेल्या. कोंडीबा तात्या आणि भामाबाई होते ते. पोट इतक्या लोकांनी बघून गेल्यावर ते पुण्याच्या डॉक्टरला दाखवलंच पाहिजे, असं त्यांची मुलं धरून बसली होती, आणि तात्यांना एवढं चांगलं आयतं कारण वाया घालवावंसं वाटलं नव्हतं. जयराजनं विचारलं, पोट कसं आहे. "आता लय बरं हाय," तात्या म्हणाले, आणि पाळण्यात बसले. त्यानंतर दोन्ही जोडप्यांनी एकमेकांना दिवसभर ओळखलं नाही.

मग यांची पाळी आली. पाळणा वर गेला, थोडा थांबला. खाली हायवे, लांब डोंगर. जयराज म्हणाला पोरं जेवली असतील का. संयोगिता त्याच्याकडं बघत होती. मग म्हणाली, "आवं, तुमच्या कानामागं तीळ हाय."

अकरा वर्षं. तीळ पहिल्यापासून तिथंच होता, डाव्या बाजूला. तिनं हे घरी येऊन गोदावरीला सांगितलं, सांगताना हसली आणि मग रडली. गोदावरीनं मला सांगितलं आणि भाजी निवडायला बसली.

आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. परवा ती पेपर वाचत असताना मी सहज मागून जाऊन वाकून बघू लागलो. तिनं लगेच विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, मुंगी होती. निवृत्त असलो तरी कारण तयार असतं.

वाचकहो, तुम्ही हसलात, त्याला हरकत नाही. आता तुमच्या घरातलं ते माणूस बाजूच्या खोलीत असेल, किंवा शेजारीच बसून मोबाइल बघत असेल. त्याच्या कानामागं काय आहे, ते न बघता सांगा. नसेल सांगता येत तर उठून बघायला लागेल, आणि बघायला गेलात की "काय झालं?" हा प्रश्न येणार. कारण आत्ताच ठरवून ठेवा. मुंगी सांगू नका, ती मी वापरली आहे.