मेरीमातेच्या पालखीचे वजन

"बगानी हत्तीहून बलवान आहे, आणि हे मी जेवणाची पाने मांडण्याआधी सिद्ध करून दाखवीन!" जत्रेच्या सकाळी एमेतेरिओने मेहुण्याला, फेलिमोनला, बजावले.

बगानी हा मोबाइलवरच्या खेळातला वीर. जळत्या चर्चमधून मेरीमातेची पालखी तो एकटा खांद्यावर घेऊन बाहेर येतो. खेळातली पालखी फिलिपिन्समधल्या इलोइलोकडच्या या गावच्या पालखीसारखीच हुबेहूब आहे. तेव्हा हिचे वजन कळले की त्याचे बळ कळले, असा एमेतेरिओचा निर्दोष युक्तिवाद होता.

"दाजी, चित्रातला माणूस तो! त्याला पालखी काय, नि सुकी मासळी काय!" फेलिमोन म्हणाला. "आणि हरलात तर?"

"तर भरल्या पंगतीत कबूल करीन, की मला बळातले काही कळत नाही!"

उभ्या संसारात बायकोपुढेही ज्याने एक मुद्दा सोडला नव्हता, त्याने जणू शिरच पैजेला लावले.

चर्चमध्ये तिया पुरिंग, म्हणजे साऱ्या गावाची पुरिंग मावशी, मूर्तीला मोगऱ्याचे गजरे घालीत होती.

"तिया, पालखी किती जड आहे हो?"

म्हातारीचा हात थबकला. माता रुसली की जड होते आणि चर्चबाहेर पाऊल टाकीत नाही, ही त्या गावची पिढीजात श्रद्धा. माहेरी आलेल्या लेकीला 'परत कधी जाणार?' असे जसे कोणी विचारीत नाही, तसे तिथे पालखीचे वजन कोणी विचारीत नसे.

"जड? जड झाली म्हणतोस?"

"छे, मी नुसता अंदाज..."

"याला अंदाज आलाय! धावा गं, धावा! आई जड झाली!"

बातमी बेकरीपर्यंत गेली तेव्हा दहा जणांना पालखी हलेना. मासळीबाजारात पोचली तेव्हा दांडे मोडले होते. धक्क्यावर तर मातेच्या डोळ्यांना पाणी आले होते! बँड थांबला. पाप कोणाचे, म्हणून सरपंचीणबाई सरपंचांकडे रोखून पाहू लागल्या. कोंबड्यावरून अबोला धरलेले दोन शेजारी गळ्यात गळा घालून रडले. फादरांपुढे पापांची कबुली देणाऱ्यांची रांग चर्चच्या फाटकाबाहेर गेली.

"अरे, पण कोणी उचलून पाहिलीय का?" फादर ओरडले.

कोणीच पाहिली नव्हती.

"मग उचला!"

"तेरिओ, अंदाज तुझा, तूच पुढं हो!" तिया गरजली.

सारे गाव दांड्यांना भिडले. परंतु एमेतेरिओ सर्वांत उंच. बाकीच्यांचे खांदे जेमतेम त्याच्या काखेपर्यंत. शेकडो हातांनी दांड्याला भक्तिभावाने नुसता स्पर्श केला, आणि पुढचा सगळा भार एकट्या एमेतेरिओने वाहिला. त्याच्या खांद्यात काहीतरी कट्कन वाजले.

"फुलासारखी झाली गं आई!" ज्यांच्या खांद्याला दांडा लागलाही नव्हता, ते आनंदाने ओरडले.

दुपारी भाजलेल्या अख्ख्या डुकराभोवती आप्तेष्ट जमले. फेलिमोनने घसा खाकरला. "मग दाजी, काय निघालं वजन?"

सगळे चमचे थांबले. तिया पुरिंगने मान वर केली. कोणत्याही तार्किकाला लाभला नसेल असा पुरावा एमेतेरिओच्या खांद्यात ठणकत होता. पण तो उच्चारता, तर अख्खे गाव जेवणावरून उठून पुन्हा रांगेत उभे राहिले असते.

"फुलासारखी," तो म्हणाला.

"म्हणजे तुमच्या वीरानं फूल उचललं!"

"मला बळातले काही कळत नाही," एमेतेरिओने स्पष्ट उच्चारांत कबूल केले. आणि उजवा हात टेबलाच्या वर येईना, म्हणून बायकोला खुणेनेच मांस वाढायला सांगितले.