श्रावणात चढलेली बिडाची कढई

नृसिंहकाकांचं ठरलं होतं: एक माणूस, एक कढई, एक जेवण. शिट्ट्या मोजत बसायचं नाही, चार पातेली घासायची नाहीत. त्यासाठी त्यांनी लोणीच्या बाजारातून बिडाची कढई आणली. ती इतकी जड, की एस.टी.तल्या कंडक्टरनं "हिचं तिकीट कोण काढणार?" म्हणून गंमत केली. काका भिडस्त. त्यांनी अर्धं काढलं.

विजयाकाकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेल्या होत्या. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत प्रवास नको म्हणून बजावलं. मग प्रश्न उरला काकांचा. लेकीनं, म्हणजे निवेदितानं, फोनवर निकाल देऊन टाकला.

"बाबा, रविवारी दुपारी मी येतेय. तुमच्या हातचं जेवण धड असलं तर राहा कोल्हारला. नाहीतर बॅग भरून ठेवा."

पुण्याच्या फ्लॅटमध्ये काका पूर्वी एकदा राहून आले होते. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाशी काय बोलावं हे सुचेना, म्हणून ते रोज सात मजले जिन्यानं चढायचे. इथे त्यांची पुस्तकं होती, ओटा होता, आणि तासभर गप्प बसलं तरी "बरं हाय ना काका?" एवढंच विचारणारी आळी होती. तेव्हा जेवण धड होणं भाग होतं. आणि ते होणारच होतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच काकांना स्वतःबद्दल शंका नव्हती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. काकांचे आजोबा भिक्षुकी करायचे. त्यामुळे तिथीवारासाठी सगळ्या आळीचा भरवसा काकांवर. खरं तर तिथी स्वयंपाकघरातून विजयाकाकू सांगायच्या. काका ती चष्मा वर सरकवून ओट्यापर्यंत पोहोचवायचे.

यंदा नागपंचमीचा घोळ होता. एका कॅलेंडरात रविवारी, दुसऱ्यात सोमवारी. शनिवारी संध्याकाळी शेजारच्या छबूबाईंनी विचारलंसुद्धा, "काका, पंचमी उद्या का परवा?"

काका कढईला तेल पाजत होते. "बघतो," म्हणाले, आणि विसरले.

"बघू की," छबूबाई समोरच्या गोजरबाईंना म्हणाल्या. "उद्या काकांच्यात तवा चढतो का न्हाई, त्याच्यावरनं कळंल."

कारण पंचमीला तवा-कढई ठेवायची नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही. जे काय करायचं ते उकडून.

रविवारी सकाळी काकांनी कढई तापवून तिला आतून कांदा चोळला. नव्या बिडाला तो चोळावा लागतो, असं त्यांनी वाचलं होतं. कांदा वाया कशाला घालवायचा, म्हणून चिरला. सोबतीला वांगी चिरली. डाळ, तांदूळ, शेंगदाणे, सगळं त्याच कढईत. फोडणी पडली आणि खिडकीतून असा धूर निघाला, की जणू साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला.

"चढली," ओट्यावरून गोजरबाई म्हणाल्या. "म्हंजी पंचमी उद्या."

छबूबाईंनी नाक वर केलं. "थांब. कांदा हाय. वांगी बी हायती."

"काकांच्या घरात? श्रावणात?"

चातुर्मासात त्या घरात कांदा-वांगं शिरलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"मग श्रावणच लागला नसंल," छबूबाई हळूच म्हणाल्या. "यंदा अधिक महिना असंल."

हे त्यांच्या मालकांनी, काकासाहेबांनी, आतून ऐकलं. श्रावण लागल्यापासून हा माणूस मटणाच्या आठवणीनं वाळत चालला होता.

"कोन म्हनतं अधिक?"

"काकांच्या घरात कांदा..."

पुढचं ऐकायला काकासाहेब थांबले नाहीत. त्यांची मोटरसायकल आळीच्या टोकाला दिसली, मग तीही दिसेना. इकडे घरोघर पुरणाची डाळ बाजूला सरली, तवे चढले. गोजरबाईंच्या सुनेनं तर सुकट भाजायला घेतली.

दुपारी निवेदिताची गाडी आली तेव्हा काकांचा वांगीभात तयार होता. मोकळा, वाफाळता, बुडाला तांबूस खरपुडी. निवेदिताच्या हातात स्टीलचा डबा बघून छबूबाई पुढे झाल्या.

"काय धाडलं ताई काकूंनी?"

निवेदितानं झाकण उघडलं. पुरणाचे दिंड. उकडलेले.

"आईनं खुर्चीत बसून पहाटेच करून घेतले माझ्याकडून. आज पंचमी ना."

गोजरबाईंनी सुनेला आवरायची खूण केली. गोजरबाईंच्या घरातून सुकटीचा वास मात्र येत राहिला. तेवढ्यात काकासाहेब आले. हँडलला काळी पिशवी.

"एवढ्या बाया कशापायी जमल्या?"

"आज पंचमी हाय," छबूबाई म्हणाल्या. "आन् श्रावन बी हाय."

काकासाहेबांनी पिशवीकडे पाहिलं. "मग हे?"

"फ्रीजरात टाका. श्रावन सरंस्तोवर तिकडं बघायचं बी न्हाई."

मग सगळ्यांनी मिळून काकांकडे पाहिलं. काका दारात, हातात उलथनं.

"मी बघतो म्हणालो होतो," ते पुटपुटले. "पण कढईत लक्ष होतं."

निवेदितानं कपाळाला हात लावला. मग ताट घेतलं. "मोडायचं ते मोडलंच आहे, आता अन्न कशाला टाका," म्हणत तिनं एक घास घेतला. मग दुसरा. मग खरपुडी खरवडून घेतली. आळी बघत उभी.

"बाबा, आईला सांगू नका, पण हे तिच्यापेक्षा चांगलं झालंय."

काका ताठ झाले. "मग मी राहू?"

"ऱ्हाऊ द्या ताई त्यान्ला," तिच्याआधी छबूबाईच बोलल्या. "आमचे काका नेऊ नका. फकस्त ती कढई ठिवू नका. डबा आमी देऊ, पाळीपाळीनं. आन् तिथीचं काय ते काकूंनाच फोन लावू."

"व्हय बाई," गोजरबाई म्हणाल्या. "आज श्रावन गेला, उद्या दिवाळी जायची."

काकांनी मागं वळून कढईकडे पाहिलं. पण एवढ्या बायकांपुढे त्यांनी भिडेनं मान डोलावली.

संध्याकाळी निवेदिता निघाली. काकांची बॅग घरातच राहिली आणि शेजारच्या सीटवर कढई बसली. तिच्या वजनानं गाडीला माणूस बसल्यासारखं वाटलं आणि ती पट्ट्यासाठी ठणाणा करू लागली. निवेदितानं कढईला पट्टा बांधला.

"कृती फोनवर सांगा हं बाबा."

गाडी वळताना काकांनी डोळे पुसून हात हलवला. निवेदिताला वाटलं, आपल्यालाच.