पोळ्याच्या तोंडावर उसण

रामराव बघत नसता, तर कारभारीनं ते पोतं उचललंच नसतं. म्हणजे सगळा दोष रामरावाचा. (हे कारभारी पुढं तीस वर्षं सांगत होता.)

त्या काळी राज्य निजामाचं होतं खरं, पण कुंभार पिंपळगावात हुकूम चालायचा तो भाऊबंदकीचा. रामराव हा कारभारीचा चुलतभाऊ, घराला घर लागून. त्या दिवशी कारभारीच्या दारात गाडी उभी होती आणि गाडीत ज्वारीचं पल्ल्याचं, म्हणजे तीन मणांचं पोतं. झुंबरबाई, म्हणजे कारभारीची बायको, चांगलं सांगत होती, "अवं, गडी येऊन राह्यला. दोघं मिळून उतरवा." तेवढ्यात रामराव आपल्या ओट्यावर दात कोरत येऊन उभा राहिला. झालं! कारभारीनं काष्टा खोचला, "गडी कशाला पाह्यजे?" म्हणाला आणि पोत्याला मिठी मारली.

पोतं उतरलं. कारभारी मात्र वाकला तो वाकलाच. कमरेत अशी कळ गेली, की ओरडायला श्वास पुरेना.

"दादा, खाली काही सापडलं का?" रामरावानं विचारलं.

आता उसण भरणं काही जगावेगळं नाही. पण पोळा आठ दिवसांवर आला होता. वेशीतल्या तोरणाखाली पहिली जोडी कारभारीची, हा मान त्याच्या आजापासूनचा. मालकानं फेटा बांधून, कासरा धरून, ताठ मानेनं पुढं चालायचं. मालक नसला तर मान शेजारच्या घराकडं, आणि शेजारचं घर रामरावाचं! बरं, तसंच काटकोनात वाकून जावं, तर यंदा बैल दोन का तीन, असं लोकांनी विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी राधाकिसन हाडवैद्य आला. मूळचा हा धनगर. मेंढरांचे मोडलेले पाय कांबट्या लावून बांधता बांधता माणसांचे बांधू लागला होता. निखळलेला खांदा तो गप्पा मारता मारता बसवी, आणि दुखणेकरी ओरडेपर्यंत याचा तंबाखूही मळून झालेला असे. त्यानं डोळे मिटले, कारभारीच्या कण्यावरून अंगठा फिरवला, एकेक मणका दाबून बघितला. अंगठा एका जागी थांबला आणि कारभारीच्या तोंडून राधाकिसनच्या सात पिढ्या बाहेर पडल्या.

"पायाला मुंग्या येऊन राह्यल्या का?"

"न्हाई."

"मंग हाड जागेवर हाये. शीर आखडली. शेक घ्या आन् आठ दिवस पडून ऱ्हा. बिलकुल उठायचं न्हाई."

"अरे, आठव्या दिवशी पोळा हाये!"

"मंग एखादा पायाळू गाठा. जल्दी उतरते म्हणत्यात. मला हाडाचं कळतं, पायाळूचं न्हाई," राधाकिसन म्हणाला आणि काठी उचलून गेला.

जन्मताना जो पायाकडून येतो तो पायाळू, आणि त्यानं भरलेल्या कमरेला तीनदा पाय लावला की उसण पळते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पंचाईत एवढीच, की गावातली एकुलती एक पायाळू चतुराबाई मागल्या शिमग्यालाच वारली होती.

मग सुरू झाले इलाज. विटेचा शेक झाला, एरंडाची पानं झाली, आंबेहळदीचा लेप झाला. शेजारच्या वच्छलाबाईनं मोठ्या मायेनं बिबा घातला, तो उतला. म्हणजे आतून उसण आणि वरून फोड. कारभारी पालथा पडून घरावर राज्य करू लागला.

"आगं, वीट थंड झाली."

"आगं, पाणी."

"आगं, माशी बसली."

"कुठं?"

"पाठीवर. मला काय दिसती का?"

रामराव रोज समाचाराला येई. चेहरा दुःखी ठेवायचा तो फार प्रयत्न करी, पण मिशी दगा देई. "दादा, तुम्ही आराम करा. कासरा काय, कुणीबी धरला तरी चालायचं बैलालाच हाये. मी बराबर बघतो."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झाली. गड्यानं गोठ्यात लोणी-हळद घेऊन बैलांचे खांदे मळले. दरसाल हे काम कारभारी स्वतःच्या हातानं करायचा. खाटेवर पडल्या पडल्या त्याला बैलांच्या गळ्यातले घुंगरू ऐकू येत होते, आणि खोटं कशाला सांगा, त्याला रडू आलं. तोंड उशीत खुपसून तो रडला. झुंबरबाईनं ते दारातून पाहिलं. पदराला हात पुशीत ती म्हणाली, "मी पायाळू हाये."

"काय?"

"पायाळू. पायाकडून आल्ते मी."

"लग्नाला अकरा वर्सं झाली आन् आज सांगती?"

"तुम्ही इचारलं कव्हा?"

आता आली का पंचाईत! बायकोची लाथ, तीही पोळ्यासारख्या सणाला! पण दुसऱ्या बाजूला रामरावाच्या हातात कासरा. जेवण होईपर्यंत कारभारीनं विचार केला. शेवटी म्हणाला, "बरं. पण दार लावून. आन् नुसता पाय लावायचा, समजलं का?"

सकाळी दाराला कडी घातली. कारभारी दाराकडं तोंड करून, गुडघ्यांवर हात टेकून वाकला. (वाकलेला होताच.) झुंबरबाई आधी नवऱ्याच्या पाया पडली, रेणुकाईची माफी मागितली आणि पाय उचलला. पहिल्यांदा लागला तो कुंकवाचं बोट टेकवावं तसा.

"लागला का?"

"लागला. जल्दी कर."

दुसऱ्या वेळीही तसाच लागला. "आगं, जरा जोर लाव की!" कारभारीच म्हणाला. (पुढं त्यानं हे वाक्य साफ नाकारलं.)

झुंबरबाईला आठ दिवसांच्या विटा आठवल्या, ती माशी आठवली. तीन वर्षं नेतो नेतो म्हणून न नेलेली जत्राही आठवली. तिनं पदर खोचला.

तिसरी लाथ बसली आणि कडी तुटली, फळी मोडली, खांदा निखळावा तसं दार बिजागरीतून निखळलं आणि कारभारी ओट्यावरून थेट रस्त्यात गेला. रस्त्यात मानकऱ्याला बोलवायला आलेले वाजंत्री, पाटील, आणि सगळ्यांत पुढं रामराव. धूळ खाली बसली, तर कारभारी ताठ उभा! त्यानं कंबर चाचपली, मागं वाकून बघितलं, पुढं वाकून बघितलं. कळ गायब!

"वहिनी, काय झालं?" रामरावाचं तोंड उघडंच राहिलं.

मोडक्या दारात झुंबरबाई एका पायावर उभी होती. "काही न्हाई. उसण उतरवली."

मान राहिला. कारभारी फेटा बांधून, कासरा धरून तोरणाखालून ताठ गेला. बैलांकडं मात्र त्या वर्षी कुणी बघितलं नाही. सगळा गाव मालकाची पाठ बघत होता.

संध्याकाळपर्यंत झुंबरबाईचा घोटा टम्म सुजला. राधाकिसननं अंगठ्यानं दाबून बघितला. "मुरगळला. हाड शाबूत हाये. कशावर आपटला, बाई?"

"दगडावर," झुंबरबाई नवऱ्याकडं बघत म्हणाली.

तिची आई द्वारकाबाई सणाला परतूरहून आली होती. कारभारी कौतुकानं म्हणाला, "मामी, तुमची लेक पायाळू म्हणून माझी इज्जत वाचली!"

"पायाळू? ही?" म्हातारी हसली. "पायाळू हिचा भाऊ, कडूबा! ही तं डोक्याकडून आल्ती, बराबर, सरळ."

राधाकिसन पट्टी बांधता बांधता बोटं मोजू लागला. "आज आठवा दिवस ना? म्या म्हनलंच व्हतं."

कारभारीनं बायकोकडं बघितलं. "मंग खोटं कामून बोलली?"

"तुम्ही रडून राह्यले व्हते," ती हळूच म्हणाली. "मला बघवंना."

कारभारीनं आपली उशी तिच्या घोट्याखाली सरकवली.

"आन् त्या माशीचाबी राग व्हता," झुंबरबाई म्हणाली, "आता वीट तापवून आणा."

पुढचे आठ दिवस कारभारी विटा तापवत राहिला. माशाही त्यानंच हाकलल्या.

मग निजामाचं राज्य गेलं, जालन्याला हाडांचे फोटो काढणारे डॉक्टर आले. पण म्हातारपणी कारभारीची कंबर धरली, की तो जालन्याला जात नसे. बायकोकडं पाठ करून म्हणे, "लाव पाय."

"मी पायाळू न्हाई."

"ठावं हाये. लाव."

फक्त त्याआधी तो स्वतः उठून दार सताड उघडं करी, पुन्हा मोडायला नको म्हणून. त्या पोळ्याला दार बसवायला आलेल्या सुतारानं ते कसं मोडलं हे पार परतूरच्या बाजारापर्यंत सांगितलं होतं.