तीन बोटं खाली

निमशेंडीत चारचाकी गाडी चाकांवर खाली बसवून घ्यायची असेल, तर तीत बसणाऱ्या प्रत्येक कंबरेची संमती लागते, आणि ती कंबरेनं स्वतः बोलून द्यावी लागते. माणसानं दिलेली चालत नाही. माणूस भिडेपोटी किंवा नुसत्या आळसानं "करा काय ते" म्हणून मोकळा होतो. कंबर कुणाची भीड धरत नाही. म्हणून नगरपरिषदेनं हे काम तिच्याकडेच सोपवलं आहे आणि गावात कुणाला त्यात वावगं वाटत नाही. सुनावणी दर गुरुवारी असते. सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे कंबरा तिथं पोचतात त्या तापूनच.

श्रेणिक मगदूमला हे सगळं माहीत होतं, तरी त्यानं गाडी खाली करायचं मनावर घेतलं. तो सूतगिरणीत सुपरवायझर होता. हप्त्याहप्त्यानं नव्हे, एकरकमी घेतलेली त्याची पांढरी गाडी दिसायला बरी होती, पण चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये तिला चांगली चार-साडेचार बोटांची फट होती. धोतर वर धरून चिखलातून चालणाऱ्या माणसासारखी ती दिसायची. इतरांना काही वाटत नव्हतं. श्रेणिकला मात्र ती फट जेवताना दिसायची, गिरणीत सूतकताईच्या साच्यांमधून फिरताना दिसायची, आणि दुसऱ्याच्या खाली केलेल्या गाडीशेजारी आपली लावायची वेळ आली की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माणसाला काय काय दुःखं असतात याची यादी करायला बसू नये.

गॅरेजवाले इम्तियाजभाई मुल्ला यांनी फटीत बोटं घालून पाहिली.

"तीन बोटं खाली घेऊया," ते म्हणाले. "दोन घेतली तर गाडी खाली केल्याली कुणाला कळतबी न्हाई. चार घेतली तर टायर घासतंय, आन् आत बसल्याल्याला हाडं मोजून मिळत्यात. तीन म्हणजे कसं, बघणाऱ्यालाबी बरं, बसणाऱ्यालाबी चालतंय."

"मग कधी सोडू गाडी?"

"आधी कंबरांची संमती आणा. मागं एका पाव्हण्याची बिनसंमतीची करून दिली. दुसऱ्या दिवशी त्याच्या मावशीची कंबर माझ्या दारात बोंबलायला हजर. मावशीचं काय चालंना, बिचारी नुसती हात जोडून हुभी. अर्धा बाजार गोळा झाला. पुन्यांदा नको."

नियम सरळ होता. सगळ्या कंबरा हो म्हणाल्या तर प्रश्नच नाही. एखादी नाही म्हणाली, तर उरलेल्या कंबरांनी ठरवायचं: गाडी आहे तशी ठेवायची, की नाही म्हणणारीला गाडीतून कमी करायचं. एकदा कमी झालेली कंबर, आणि अर्थातच तिचा माणूस, त्या गाडीत पुन्हा बसू शकत नाही. आजारपणातसुद्धा नाही, दुसरी गाडी बघावी लागते.

मगदूमांच्या घरात कंबरा तीनच. एक श्रेणिकची. दुसरी त्याची बायको पद्मजा हिची. ती शेजारच्या गावी शाळेत शिकवायची आणि रोज एसटीनं जायची. तिसरी त्याच्या वडिलांची, बाळगोंडा मगदूमांची, ज्यांना घरात आप्पा म्हणत. आई गेल्यापासून आप्पा दिवसभर ओसरीवरच्या खुर्चीत असायचे.

"माझी कंबर न्हाई म्हणणार," पद्मजानं ताटं घेता घेता सांगून टाकलं. "आत्ताच सांगून ठेवते. चांगली चालल्याली गाडी, तिचा खटारा करून आणायचा आणि वर म्हणायचं छान दिसती."

"आप्पा, तुमचं काय?" श्रेणिकनं विचारलं.

"करून टाक की," आप्पा म्हणाले. "माझं काय, मी कुठं जातोय?"

श्रेणिकला पद्मजाची फारशी काळजी नव्हती. तिची समजूत घालता येईल असं तीन वर्षांच्या संसारानंतरही त्याला वाटत होतं. भीती होती ती आप्पांच्या कंबरेची. तिला मणक्याचा जुना त्रास होता. ती नाही म्हणाली तर बापाला गाडीतून कमी करायचं का, हे श्रेणिकच्या आणि पद्मजाच्या कंबरेला ठरवावं लागणार होतं, आणि आपली कंबर काय म्हणेल हे त्याला नीट ठाऊक होतं. या विचाराची त्याला लाज वाटली. पण फट दिसायची काही थांबली नाही.

म्हणून त्यानं तालमीतल्या गणू वस्तादांना घरी बोलावलं आणि सुनावणीपर्यंत आप्पांच्या कंबरेला रोज मालीश सुरू केली. कोमट तिळाचं तेल, वर शेक. आप्पा नको नको म्हणत पालथे पडायचे आणि लगेच घोरायला लागायचे. वाटीत तेल उरायचं. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून श्रेणिक स्वतःही पालथा पडायचा आणि उरलेल्या तेलात आपली मालीश उरकून घ्यायचा. तेल लावल्यानं कंबर मऊ होते, हे त्यानं ऐकलं होतं. मऊ झालेली कंबर बोलकी होते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी तिघं दोन जिने चढून गेली. सुनावणी नगरपरिषदेच्या बरगाले मॅडम घ्यायच्या. काम असं चालायचं: माणसानं भिंतीकडे तोंड करून पाठ नसलेल्या स्टुलावर बसायचं आणि तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा धरायचा, म्हणजे त्याला मध्ये बोलता येत नाही. मग मॅडम कंबरेशी बोलायच्या. खडा त्या स्वतः निवडून द्यायच्या. वकिलाला सगळ्यात मोठा द्यायच्या म्हणे.

"तेलाचा वास येतोय," मॅडम म्हणाल्या.

श्रेणिक छताकडे बघू लागला.

"सुनावणीपूर्वी मालीश करायला मनाई नाही. पण नोंद घेते."

पहिली पद्मजा बसली. खड्यानं तिचा एक गाल फुगला होता आणि कंबरेवर पूर्ण भरवसा असल्यासारखी ती ताठ होती.

"गाडी तीन बोटं खाली घेण्याला आपली हरकत आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नाही," कंबर म्हणाली. तिचा आवाज पद्मजापेक्षा खालच्या पट्टीतला आणि निवांत होता. "मी रोज एसटीच्या मागच्या सीटवर बसते. माझ्यासाठी ही गाडी म्हणजे पाळणा. खाली घ्या नाहीतर वर घ्या."

पद्मजानं भिंतीवर थाप मारली.

"माणसांनी भिंत वाजवू नये," मॅडम म्हणाल्या. "पण ह्या घरी विरोध करत होत्या, असं दिसतं."

"हिला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. म्हणून ही नाही म्हणाली. मला विचारलंत, मी हो म्हणते. आणि गाडी चालवायला मिळाली तर आणखी बरं. लायसन काढून कपाटात पडलंय."

पद्मजाचा भिंतीवरचा हात हळूहळू खाली आला.

मग आप्पा बसले. आप्पांची कंबर बोलायच्या आधी दोनदा कटकटली.

"आपल्याला मणक्याचा त्रास आहे," मॅडम म्हणाल्या. "गाडी खाली झाली की स्प्रिंग आखूड आणि कडक होते. खड्डा थेट आपल्यापर्यंत येईल. हे समजावून सांगणं माझं काम आहे."

"समजलं," कंबर म्हणाली. "पण बाई, खड्डा माझ्यापर्यंत यायला मी गाडीत असायला पाहिजे. मी असते घरात. हा पोरगा दर रविवारी गाडी धुतो, पुसतो आणि एकटाच फिरवून आणतो. जाताना विचारतो, आप्पा येताय का? म्हातारा म्हणतो, माझं काय, मी कुठं जातोय. म्हातारा खोटं बोलतो. मला जायचं असतं. बस्तीच्या मंदिरात दर्शनाला जायचं असतं, घाटावर पायरीवर टेकायचं असतं, मिसळीच्या टपरीवर त्या डुगडुगत्या बाकड्यावर बसायचं असतं. खुर्चीत बसून जी दुखते ना मी, तसं कुठल्या खड्ड्यात दुखत नाही."

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आप्पांचे कान लाल झाले होते. श्रेणिकला एकदम रडू आलं, आणि खोलीत इतकी माणसं असताना ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

"तीन बोटं काय, सहा घ्या," कंबर म्हणाली. "पुढची सीट मात्र माझी."

"इतकं खाली घेता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "तीनलाच संमती धरते. आता मालक."

ही पायरी केवळ रीत म्हणून असते, असं श्रेणिकला वाटत होतं. काम फत्ते झालं होतं. तो खुशीत स्टुलावर बसला, खडा तोंडात घोळवला आणि भिंतीवरच्या ओलीच्या डागात त्याला आपली खाली झालेली गाडी दिसायला लागली.

"आपली हरकत आहे का?"

"आहे," श्रेणिकची कंबर म्हणाली.

तिचा आवाज मऊ होता, समंजस होता, आणि त्याला तिळाच्या तेलाचा वास होता.

"कारण?"

"कसं आहे मॅडम, बसायचं काम माझं आणि बघायची हौस ह्याची. आत बसल्यावर ह्याला गाडी दिसते का? नाही दिसत. मग हा काय करतो, दुकानांच्या काचांत बघतो. प्रत्येक काचेला मान वाकडी करतो, सीटवरून अर्धा उठतो, आणि पिळवटते मी. गाडी खाली झाली की हा प्रत्येक काचेला पूर्णच उठणार. वर प्रत्येक स्पीडब्रेकरला श्वास धरून बसणार. खालून काही घासलं की ह्याच्या काळजाला लागतं आणि कळ मला येते."

"तीनऐवजी दोन बोटं चालतील का?"

"बोटांचं काही नाही हो. आप्पांची कंबर बरोबर बोलली, त्यांना गाडीतून जायचंय. ह्याला जायचं कुठंच नाही, ह्याला गाडी बघायचीय. गाडी बाहेरून दिसते. मग ह्याला आत कशाला बसवता?"

श्रेणिक बोलायला गेला आणि खडा घशाशी अडकला. पद्मजानं त्याच्या पाठीत चार बुक्के घातले. ते जरा जोरातच घातले. खडा बाहेर आला.

"गाडी माझ्या नावावर हाय!" तो ओरडला.

"नाव राहू द्या," बरगाले मॅडम म्हणाल्या. "नावाला कंबर नसते."

मग नियमाप्रमाणे उरलेल्या दोन कंबरांचं मत घ्यायचं होतं. पद्मजा आणि आप्पा यांना एका बाकावर पाठीला पाठ लावून बसवलं. कंबरा आपसात कुजबुजू लागल्या. माणसं दोन दिशांना बघत बसली, एक खिडकीकडे आणि एक दाराकडे. मध्येच दोन्ही कंबरा हसल्या.

"आप्पा," श्रेणिक काकुळतीला आला, "जरा सांगा की तिला."

"माझं काय चालतंय तिच्यापुढं?" आप्पा दाराकडे बघत म्हणाले. "आयुष्यभर चाललं न्हाई."

कंबरांचा निर्णय एकमतानं झाला. गाडी तीन बोटं खाली घ्यावी. श्रेणिक बाळगोंडा मगदूम यांना गाडीतून कमी करावं. मॅडमनी शिक्का मारला आणि पुढच्या घरच्यांना आत बोलावलं.

इम्तियाजभाईंनी काम मन लावून केलं. गाडी लिफ्टवरून उतरली तेव्हा गॅरेजातले सगळे हातातलं काम टाकून बघत राहिले. चाकांवर पत्रा असा आला होता की आत एक बोट जेमतेम शिरावं, दोन नाही. श्रेणिकनं आयुष्यात इतकी देखणी वस्तू पाहिली नव्हती. त्यानं किल्ली पद्मजाच्या हातात दिली आणि स्वतः स्कूटर सुरू केली.

रविवारी सकाळी गाडी बस्तीकडे निघाली. पद्मजा चालवत होती, शेजारी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. श्रेणिक मागून स्कूटरवर होता; कधी डावीकडून, कधी उजवीकडून बघत होता. चौकातल्या स्पीडब्रेकरवर पद्मजानं गाडी तिरकी घेतली, तरी खालून खर्रकन आवाज आला. श्रेणिकच्या काळजात चर्र झालं. कंबरेत काहीच झालं नाही. आत दोन डोकी उंच उडाली, खाली आली, आणि दोघं खो खो हसायला लागली. कशावर हसली ते त्याला ऐकू आलं नाही.

दर्शन झाल्यावर ती मिसळीच्या टपरीसमोर थांबली. आप्पा कंबर धरून, कण्हत आणि हसत उतरले आणि बाकड्यावर जाऊन बसले. श्रेणिकनं स्कूटर रस्त्याच्या पलीकडे लावली. तिथूनच गाडी अख्खी दिसत होती. आप्पा हातानं त्याला बोलवत होते. तो येतो येतो म्हणत तिथंच उभा राहिला.

शेजारी पेपर चाळत उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "काय गाडी हाय! कुणाची वो?"

"माझी."

"मग तुम्ही हिकडं?"

"माझ्या कंबरेनं संमती दिली न्हाई."

"आस्सं," गृहस्थ म्हणाला. त्यानं पेपराची घडी केली आणि मान तिरकी करून गाडीकडे नीट पाहिलं. "किती बोटं घेतली?"

"तीन."

"बराबर घेतली." तो जरा सरकला आणि श्रेणिकला उभं राहायला सावलीत जागा करून दिली. "हितनं बघा. हितनं मागचं चाकबी दिसतंय."