उदोनचा महाल

पाळीव प्राण्यांच्या बाबतीत लोक चुका करतात त्या वाचन कमी पडल्यामुळे, असं मुरासेचं ठाम मत होतं. त्याचं स्वतःचं वाचन दांडगं. त्यामुळे अजगराचं पिल्लू घरी आणताना त्याला काडीचीही धास्ती वाटली नाही. "माझ्याकडून चूक होणं शक्य नाही," असं त्यानं पिल्लालाच सांगून टाकलं. पिल्लानं जीभ बाहेर काढली. मुरासेला तो होकार वाटला.

पिल्लू हातभर लांबीचं, पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं. वेटोळं घालून बसलं की वाडग्यातल्या जाड्या उदोन शेवयांसारखं दिसायचं, म्हणून नाव उदोन. कागद कारखान्यात बदली होऊन मुरासे नागोयाहून इवाकुनीला आला, तेव्हा गावात त्याच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळी घरी यायचं, गरम पाणी ओतून डब्यातल्या शेवया खायच्या आणि भिंतीकडे बघत बसायचं. उदोन आल्यापासून निदान ऐकायला तरी कुणीतरी होतं. सापाला कान नसतात हे मुरासेनं वाचलेलं होतं, पण तिकडे त्यानं कानाडोळा केला.

अडचण एकच. घरमालकीण हिरोनाका आजी खालच्या मजल्यावर राहायच्या आणि खोली देतानाच त्यांनी बजावलं होतं, "मांजर नाही, कुत्रा नाही, पोपटसुद्धा नाही. मागच्या भाडेकरूच्या मांजरानं माझ्या सगळ्या कागदी दारांच्या चिंध्या केल्या." या यादीत साप नव्हता, यावर मुरासे स्वतःची समजूत घालायचा. समजूत पटायची नाही ती नाहीच.

आता महालाबद्दल. दुकानदारानं एक छोटा प्लास्टिकचा डबा पुढे केला होता. मुरासेला तो अपमान वाटला. त्यानं आणली गादीएवढी लांब काचेची पेटी. तळाला झाडाची साल, कोपऱ्यात निशिकी नदीकाठून आणलेली वाकडी फांदी, वर दिवे, खाली ऊब देणारी चटई आणि मधोमध पंपावर झुळझुळणारा धबधबा. मुरासेची स्वतःची खोली त्या पेटीपुढे गरीब दिसायची. उदोन एका कोपऱ्यात तोंड खुपसून जो बसला, तो तिथून हलला नाही.

आणि तो खाईना.

आठवड्यातून एकदा छोटा उंदीर, तोही गोठवलेला, कोमट पाण्यात वितळवून, चिमट्यात धरून द्यायचा. पुस्तकात इतकं सोपं होतं. मुरासेनं उंदीर डावीकडून नाचवला, उजवीकडून नाचवला, एकदा तर स्वतःच गुडघ्यावर बसून उंदरासारखं सरसरून दाखवलं. उदोन वेटोळ्यात तोंड लपवायचा. आठवडे गेले. उदोनच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मुरासेचे कारखान्यात आकडे चुकायला लागले. हे पिल्लू आपल्या हातात मरणार, या विचारानं त्याच्या तोंडचा घास फिरायचा.

त्या रविवारी दुपारी त्यानं पुन्हा प्रयत्न मांडला. पेटीचं झाकण सरकवलं, वाडग्यातल्या कोमट पाण्यात उंदीर शेकत ठेवला. तेवढ्यात दारावर टकटक.

"मुरासे-कुन, आहेस का रे?"

मुरासेनं वाडग्यावर झाकणी घातली, पेटीवर चादर फेकली आणि दार वीतभर उघडलं. बाहेर हिरोनाका आजी, हातात कमळकाकडीची परतलेली भाजी.

"जास्त झाली म्हणून आणली," आजी म्हणाल्या. त्यांची भाजी दर आठवड्याला बरोबर मुरासेपुरतीच जास्त व्हायची. "काय शिजवतोयस?"

"सूप, आजी."

"मग निवायच्या आत पी. गळ्याची हाडं दिसायला लागली तुझी. आणि मागच्या खेपेची थाळी?"

शेजाऱ्याची थाळी रिकामी परत करायची नसते. मुरासे धावत आत गेला, थाळीत संत्री रचली, धावत बाहेर आला, वाकून थाळी दिली. आजी जिना उतरल्या. या धावपळीत जिन्याकडचं दार चार बोटं उघडं राहिलं आणि पेटीच्या झाकणाचं तर नावच नको. त्यानं चादर काढली. दिवे चालू, धबधबा चालू, उदोन बेपत्ता.

त्यानं गादीखाली पाहिलं, बुटांत पाहिलं, भाताच्या कुकरातसुद्धा पाहिलं. आणि खालून एका पुरुषाची किंकाळी आली.

 चार-चार पायऱ्या एका उडीत घेत मुरासे खाली पोहोचला.

खाली आजींच्या खोलीत मोरिवाकी एका पायावर उभे होते. हे गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, एके काळचे न्हावी. गल्लीत फिरवायच्या सूचनांची पाटी घेऊन आले होते आणि नेहमीप्रमाणे कुणी 'बसा' म्हणायच्या आत कोतात्सूत पाय घालून बसले होते. हिवाळ्यात त्या ठेंगण्या टेबलाखाली शेगडी असते आणि वरून रजई. पाय घातल्यावर आत आधीपासून कुणीतरी आहे, हे त्यांच्या तळव्यांना कळलं होतं. आता त्यांनी पाटी ढालीसारखी पुढे धरली होती.

आजींनी रजईचं टोक उचललं. कडेला, शेगडीपासून लांब पण उबेत, उदोन वेटोळं घालून बसला होता. महालात कधी दिसला नव्हता इतका निवांत.

आजींनी सापाकडे पाहिलं. मग दारात उभ्या, पांढऱ्याफटक पडलेल्या मुरासेकडे एकवार पाहिलं. मग शांतपणे गुडघे टेकले आणि हात जोडले.

"पांढरे देव घरी आले," त्या म्हणाल्या. "मोरिवाकी-सान, केवढं भाग्य."

इवाकुनीत पांढरा साप म्हणजे देवीचा दूत. ज्या घरी दिसला त्या घराची भरभराट. मोरिवाकींनी दुसरा पाय हळूच खाली टेकवला.

"म्हणूनच मी ओरडलो," ते म्हणाले. "आनंदानं."

"तर काय. गल्लीभर ऐकू गेला तुमचा आनंद."

खरंच गेला होता. बघता बघता दारात चपलांची रांग लागली. कुणी अंडी आणली, कुणी साके दारूची बाटली, कुणी मीठ. प्रत्येक जण आत येई, वाकून पाही, एकदा आजींकडे बघे आणि मग हात जोडी. कोतात्सूभोवती अंड्यांचा वेढा पडला. मुरासे कोपऱ्यात घामाघूम. हा माझा साप, असं म्हणावं तर खोली गेली. न म्हणावं तर साप गेला.

"पांढऱ्या सापांची देखभाल करणाऱ्या मंडळींना कळवायला हवं," मोरिवाकी म्हणाले. "ते येऊन सन्मानानं घेऊन जातील."

मुरासे पुढे सरसावला. "पण मोरिवाकी-सान, हा त्या जातीचा असेलच असं नाही. अंगानं जरा आडवा नाही वाटत?"

"नागोयाच्या माणसानं आम्हाला पांढरा साप शिकवू नये. देव खात्यापित्या घरचा आहे, एवढंच."

महिनाभर अन्नाला न शिवलेल्या त्या देवाकडे बघून मुरासेचे डोळे भरून आले. मोरिवाकींना ती भक्ती वाटली. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात कुणाच्या तरी नातीनं उदोनला कुरवाळायला हात पुढे केला. मुरासेच्या आतलं सगळं वाचन उसळून वर आलं.

"हात लावू नका! घाबरलाय तो. त्याला डबा हवा, अंगाला घट्ट बसेल असा. अंधारा. एका बाजूनं ऊब, दुसरी बाजू गार, प्यायला पाणी. आणि कृपा करून सगळ्यांनी बाहेर जा. इतकी माणसं बघून तो कसा जेवेल?"

 मुरासेला आपलेच शब्द ऐकू आले. घट्ट. अंधारा. शांत. आणि वर? वर गादीएवढा महाल, भगभगीत दिवे आणि दिवसरात्र चालणारा धबधबा. बापरे, त्याला वाटलं, आपण या पोराला रेल्वे स्टेशनवर ठेवलं होतं.

"बरंच माहीत आहे याला," कुणीतरी म्हणालं.

"वाचतो तो खूप," आजी म्हणाल्या. "चला, देवांना विश्रांती घेऊ द्या."

आजींनी माळ्यावरून लाकडी पेटी काढली. थरांची सुशी दाबायचा साचा. मुलं गावात होती तोवर सणासुदीला भरायचा, हल्ली नुसता धूळ खात होता. मुरासेनं हलक्या हातानं उदोनला आत ठेवलं, पेटीची एक बाजू कोतात्सूच्या रजईला टेकवली, पाण्याची वाटी ठेवली, फळी लावली आणि वर आजींचा लोणचं दाबायचा दगड. उदोननं चारी बाजूंना अंग टेकलं आणि सुस्कारा सोडल्यासारखा स्थिर झाला.

माणसं पांगली. मोरिवाकी फोन करायला घरी गेले. मुरासे तिथंच बसून राहिला. आता तोंड उघडायलाच हवं होतं.

"आजी, मला तुम्हाला काहीतरी—"

"आधी वरून उंदीर घेऊन ये," आजी म्हणाल्या. "तो मघाचा. निवला असेल, पुन्हा शेकून आण."

"उंदीर? तुम्हाला कसं कळलं?"

"तू कामावर असतोस तेव्हा तुझी पार्सलं कोण घेतं? गोठवलेलं पार्सल, वर एवढ्या मोठ्या अक्षरांत 'उंदीर' लिहिलेलं. तुझे उंदीर दर वेळी माझ्या फ्रीजमध्ये माशांच्या वड्यांना खेटून थंडावतात. म्हटलं, मुलगा स्वतःहून सांगेल."

"मग मघाशी हात का जोडलेत?"

"मोरिवाकी समोर उभा होता. भाडेकरूनं जनावर पाळलं असं निघालं असतं, तर मला चारचौघांत तुला काढावं लागलं असतं. देवाला कोण काढतं?"

"पण मोरिवाकी-सान तर बोलावणार आहेत त्या लोकांना."

"तो? तो इथं जन्मला, इथंच म्हातारा झाला. आमचे साप सडपातळ, लाल डोळ्यांचे. हा तुझा मुळ्यासारखा जाड आणि डोळे निळे. त्याला पहिल्या फटक्यात कळलं. पण पाळलेल्या पिल्लाला पाहून किंचाळलो म्हणण्यापेक्षा देव भेटला म्हणणं बरं की नाही? गल्लीलाही कळलंय. तोंडावर कोण बोलेल?"

तेवढ्यात दारातून मोरिवाकींचा आवाज आला. "हिरोनाका-सान, फोन काही लागत नाही हो. लागेल असं वाटतही नाही." आणि अजून एक अंडं ठेवून ते निघून गेले.

मुरासे उंदीर शेकून घेऊन आला. तो पुन्हा नाचवायला निघाला, तेव्हा आजींनीच चिमटा घेतला, फळी जराशी सरकवली आणि उंदीर फटीपाशी धरला. नाचवला नाही, काही नाही. नुसता धरला. खट्ट असा आवाज झाला. उदोननं उंदराला तीन वेटोळी घातली, मग सावकाश डोक्याकडून गिळायला सुरुवात केली.

मुरासे चटईवर कपाळ टेकवून रडला. "आजी, तुमचे उपकार कसे फेडू?" एवढंच त्याला बोलता आलं आणि तेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"ऊठ. इतकी अंडी आलीत, फोडायला लाग. थाळ्या रिकाम्या परत नाही करायच्या."

त्या संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाडजूड ऑम्लेट गेलं. सुशी करणं शक्य नव्हतं, साच्यात देव जेवून झोपले होते. जेवलेल्या सापाला दोन-तीन दिवस हलवायचं नसतं, नाहीतर ओकतो, असं मुरासेनं सांगितलं. मग पुढचं जेवण आलं, पुन्हा हलवायचं नाही. असं करत उदोन खालीच राहिला. "वर जनावर चालत नाही," आजींनी निकाल दिला, "खाली देव चालतो." वरच्या महालात आता आजींची पातीच्या कांद्याची रोपं आहेत. दिवे आणि धबधबा त्यांना मानवलेत.

मुरासेनं चिमटा पुढे केला की उदोन अजूनही तोंड फिरवतो. आजींच्या हातून मात्र मुकाट खातो. मुरासेला याचा राग आला असता, पण राग यायला तोंड रिकामं लागतं. रोज संध्याकाळी तो सुशीच्या पेटीशेजारी कोतात्सूत पाय घालून बसतो आणि पुढ्यात येईल ते संपवतो.

परवा मोरिवाकी पाटी घेऊन आले. रजई उचलून आधी नीट आत पाहिलं, मगच पाय घातले.

"देव बरेच भरलेत की," ते पेटीत डोकावून म्हणाले.

"दोघंही," आजी मुरासेच्या वाडग्यात आणखी भात वाढत म्हणाल्या. "आले तेव्हा एकही खात नव्हता."

मुरासेनं मान खाली घातली आणि वाडगं पुढे केलं.