भिंतीपलीकडच्या लवक्या

शेषरावांनी मृगाच्या तोंडाशी घरात जाहीर केलं, की यापुढे बाजारातली भाजी या घरात येणार नाही. लढाईचे दिवस होते. घरोघरी भाजीपाला लावा असं सरकार सांगत होतं, आणि अकोल्याच्या ज्या पोस्टात शेषराव कारकून होते, तिथल्या साहेबांनी ते फार मनावर घेतलं होतं. साहेबांनी विचारलं, "कोण कोण लावणार?" तेव्हा सगळ्यात आधी हात वर झाला तो शेषरावांचा.

"तुमी आजलोग तुयशीले पानी घातलं नाई," त्यांची बायको पार्वताबाई म्हणाल्या. "अन् बाग कोन लावन?"

"म्या लावतो न. माती हाय, पानी हाय, बी हाय. आनखी काय लागते?"

आणखी पार्वताबाई लागत होत्या. मोरीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून शेषरावांनी अंगणभर पाट काढला, आणि भांडी त्या पाटाच्या तोंडाशीच घासायची असा हुकूम सोडला. चुलीची राख, शेण, उष्टं-खरकटं, सगळं परसात जाऊ लागलं. पहिल्यांदा मेथी उगवली. बोटभर झाली, आणि शेजारच्या अब्दुल गफ्फारची बकरी येऊन ती एका दुपारी खाऊन गेली.

गफ्फारमियाँ कापसाच्या जिनात यंत्रांचे मिस्त्री होते. ते माफी मागायला आले, पण शेषराव त्यांच्याशी बोलले नाहीत. त्यांनी मधली भिंत हातभर वाढवली, वर बाभळीच्या काट्या लावल्या, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

मग शेषरावांनी बकरीचं तोंड पोचणार नाही असा वेल लावला. लवकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा. खत इतकं घातलं, की वेलानं महिनाभरात मांडव झाकला, भिंत झाकली, काट्या झाकल्या. पानं सुपाएवढी झाली. लवकी मात्र एकही दिसेना. घरात रोज पिठलं आणि वरण चाललं होतं.

"नुसते पानं पाहूनच पोट भरा आता," पार्वताबाई म्हणाल्या.

"वेल आधी अंगात येते, मंग फयते," शेषराव म्हणाले. पोस्टात मात्र त्यांनी लवक्यांचं वर्णन सुरू केलं होतं. ते इतकं रंगलं, की साहेब म्हणाले, "येत्या रविवारी तुमच्याकडेच जेवतो. लवकी माझ्या हातानं तोडीन."

रविवारी उजाडताच शेषराव बाजारात गेले आणि धोतराच्या सोग्यात लपवून एक लांबसडक लवकी घेऊन आले. पार्वताबाईंच्या शिवणाच्या डब्यातला हिरवा दोरा घेऊन त्यांनी ती वेलाला गच्च बांधली. पार्वताबाईंनी सगळं पाहिलं आणि पिठल्याचं बेसन काढून ठेवलं.

साहेब आले. वेल पाहून खूश झाले. लवकीला हात घालून त्यांनी ओढलं, ती निघेना. जोरानं ओढलं, तेव्हा लवकी हातात आली आणि तिच्यामागून वीतभर हिरवा दोरा आला.

साहेबांनी दोरा बोटाला गुंडाळून पाहिला. "शेषराव, ही जात कुठली हो? दोऱ्यावर धरते?"

तेवढ्यात भिंतीवरच्या काट्या बाजूला सारून गफ्फारमियाँनी डोकं वर काढलं.

"सलाम, साहेब. शेषरावजी, तुमच्या लवक्या तं घेऊन जा. वेल इकडे आमच्या टिनाच्या छपरावर पसरली हाय, तिले लय लवक्या लटकून राह्यल्या. पराई चीज, आमी हात नाई लावला. तुमी बोलत नोते, म्हनून म्या बी गप्प होतो." आणि पलीकडे उतरून त्यांनी त्या भराभर तोडल्या, नि भिंतीवरून टोपलीभर लवक्या खाली दिल्या. हिरव्यागार, कोवळ्या.

शेषरावांचा जीव भांड्यात पडला. "पाहा साहेब, माह्याच वेलाच्या हायत ह्या."

साहेबांनी टोपलीकडे पाहिलं, मग बोटावरच्या दोऱ्याकडे पाहिलं, आणि गहिवरून म्हणाले, "गफ्फारमियाँ, शेजाऱ्याची अब्रू राखावी तर अशी."

"नाई साहेब, खरंच त्याइच्याच हायत. आमी तं बी बी नाई टाकलं."

"असू द्या, असू द्या. मोठं मन आहे तुमचं."

गफ्फारमियाँ जितकं खरं सांगत गेले, तितकं त्यांचं मन साहेबांच्या नजरेत मोठं होत गेलं. शेषरावांनी वेलाचा शेंडा धरून दाखवला, तो भिंतीपलीकडे कसा गेला तेही दाखवलं. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि जेवायला बसले. भाजी दोनदा मागून घेतली, आणि निघताना गफ्फारमियाँच्या दाराशी थांबून बराच वेळ बोलले.

ते गेल्यावर गफ्फारमियाँ कित्येक दिवसांनी शेषरावांच्या ओट्यावर येऊन बसले. चेहरा उतरलेला होता.

"साहेब म्हन्ते, बंगल्यावर बाग लावून द्या. भाऊ, माह्या बापानं कधी कोथिंबीर नाई पेरली. मले लोखंड कयते, माती नाई. तुमी चाला संगं."

पुढच्या रविवारी दोघंही बंगल्यावर गेले. शेषराव कुदळीनं आळी खणत होते, पाटाला उतार देत होते, बी टाकत होते. गफ्फारमियाँ कडेला अवघडून उभे होते. साहेब व्हरांड्यात चहा घेत होते.

"शेषराव," साहेब तिथूनच म्हणाले, "नुसते खणत बसू नका. गफ्फारमियाँ काय सांगतात त्याकडे लक्ष द्या. थोडं शिकून घ्या."

"हो साहेब," शेषराव म्हणाले.

गफ्फारमियाँ खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "आता मी काय करू, भाऊ?"

"काई नको करू," शेषराव कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "उभा राह्य, अन् मान हालवत जाय."