‘सारखं’ काट्यावर चढत नाही

आमच्या बेसामधल्या सोसायटीत निखाडेकाकांसमोर ‘सारखं’ हा शब्द काढायची कोणाची छाती नाही. मी इथे नवा होतो तेव्हा गेटपाशी सहज बोलून गेलो, “काका, ऊन काय आगीसारखं आहे आज!” काकांनी माझ्या स्कूटरचं हँडलच धरलं.

“सारखं? काहून भिऊन राहिला गा? आग आहे म्हण ना सरळ!”

पुढचा अर्धा तास त्या आगीत उभं करून त्यांनी मला उपमा आणि रूपक यांतला फरक समजावला. टोपी फक्त त्यांच्या डोक्यावर होती.

काका सावनेरकडच्या कोळसा खाणीत वजनकाट्यावर होते. उभा जन्म ट्रक तोलण्यात गेला. दहावीला अलंकारांच्या प्रश्नानं त्यांना एकदा बुडवलं होतं. पुढे ते पास झाले, पण त्या प्रश्नाचा पिच्छा त्यांनी आजतागायत सोडलेला नाही. सोसायटीतलं पोर दहावीत गेलं की त्याला काकांची शिकवणी फुकट, हवी असो वा नसो.

“उपमा म्हणजे शेजार,” ते सांगतात. “पोरगा वाघासारखा आहे. पोरगा इकडं, वाघ तिकडं, मधात भिंत. रूपक म्हणजे वाघ घरातच राहाले आला. पोरगा वाघ आहे! आता मागं फिरता येत नाही. काट्यावर ट्रक चढते बावा, ट्रकसारखं काही चढत नाही!”

स्वतः काका मात्र एकटे. लग्न केलं नाही, सख्खं भावंड नाही. दोन वेळचा डबा तळमजल्यावरच्या चंदाताईंकडून येतो. चंदाताई विधवा, डबे करूनच त्यांनी लेकीला, पल्लवीला वाढवलं. पल्लवी सायकल शिकली ती काकांकडे, आणि अलंकारही. दहावीच्या पेपरात तिला रूपक बरोबर ओळखता आलं, तर काकांनी अख्ख्या सोसायटीत संत्रा बर्फी वाटली होती. निकाल लागायच्या आधीच.

त्या पल्लवीचं लग्न ठरलं. आमच्याकडे नवरीला हाताला धरून मांडवात आणतो तो मामा, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. चंदाताईंना भाऊ नाही. पल्लवी काकांकडे गेली तेव्हा मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो.

“काका, मामा म्हणून तुम्ही या ना जी.”

काकांनी मान हलवली.

“मी मामा नाही वं पोरी. मामासारखा आहो. आन् सारखं चढत नाही.”

पल्लवी खाली निघून गेली. मला असा संताप आला! माणूस आहे की काटा? पण त्या दिवशी काकांचा डबा भरलेलाच परत गेला, हे चंदाताईंनी मला नंतर सांगितलं.

शेवटी चंदाताईंनीच मुलीला आणायचं ठरलं. लग्नाच्या दिवशी काका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत, अगदी कडेला बसले होते. गुरुजींना कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी सवयीनं माइकवर पुकारलं, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!”

खोलीच्या दाराशी पल्लवीनं आईचा हात सोडला आणि ती थेट तिसऱ्या रांगेत आली.

“चला.”

“अवं पण मी…”

“इतके वर्षं भिंतीच्या पलीकडं बसले तुम्ही. आता घरात या ना जी.”

काका उठले. कोणीतरी घाईघाईनं फेटा चढवला, तो नीट बसलाही नाही. तसेच ते पल्लवीचा हात धरून चालत गेले आणि तिच्या पाठीशी उभे राहिले. मंगलाष्टकांतलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी रडत होतो, लाजायचं काय त्यात?

नंतर फोटोग्राफर नातेवाइकांना रांगेत लावत होता. त्यानं काकांना विचारलं, “आजोबा, तुम्ही मुलीचे कोण?”

आता ह्याचा अर्धा तास गेला, मी मनात म्हटलं.

“मामा,” काका म्हणाले.

फोटोग्राफर केव्हाच पुढे गेला होता. काकांनी फेटा सारखा केला आणि कोणी विचारलं नसतानाही पुन्हा एकदा म्हणाले, “मामा आहो मी तिचा.”